एक्केचाळीस विरुद्ध अडतीस

बुलावायो, झिम्बाब्वे
१४ जानेवारी २००२

चि. सौ. मंदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र निवेदिताच्या हाती देत आहे. ती ऑकलंडला उतरली की आधी तिला वरणभात घाल, मग पत्र माग. विमानातलं ती काही खाणार नाही, मी तिला अठरा वर्षं ओळखतो.

तू फोनवर दोनदा विचारलंस, की एकुलती एक मुलगी पृथ्वीच्या त्या टोकाला पाठवतोस आणि स्वतः का येत नाहीस. तेव्हा मी हवापाण्याचं बोललो, कारण हल्ली फोनवर तिसरं कुणीतरी श्वास घेताना ऐकू येतं. म्हणून पत्र. मराठी वाचणारा माणूस सरकारने नेमला असेल तर मी त्याला चहालाच बोलवीन. सरला गेल्यापासून या घरात निवेदिता सोडली तर मराठीत भांडायलाही कुणी नाही.

मी तीन वर्षं गणित शिकवून परतायचं म्हणून आलो होतो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. इथलं नागरिकत्व घेतलं, माझ्याकडे दुसरा पासपोर्ट नाही. आणि आता पक्ष आहे. सव्वादोन वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या पोटी तो जन्मला तेव्हा आमच्या वस्तीत चर्चच्या हॉलमध्ये सतरा माणसं जमली होती. पाच महिन्यांत सरकारचं संविधान सार्वमतात पडलं. आणखी चार महिन्यांत निवडणुकीत जवळपास निम्म्या जागा आल्या. वीस वर्षं जे सरकार हलेल असं कुणाला वाटलं नव्हतं ते हललं. मंदा, मी त्या दिवशी वर्गात बीजगणित शिकवत होतो आणि फळ्यावर काय लिहितोय ते मला दिसत नव्हतं.

आमच्या शाखेचा अध्यक्ष टेम्बा मोयो, आमचा शेजारी, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. सरलाच्या आजारपणात त्याच्या बायकोने, नोमसाने, चार महिने आमची चूल सांभाळली. संघटक फराई, माझा जुना विद्यार्थी, चोवीस वर्षांचा, डोकं असं की मीच त्याच्याकडून शिकावं. मोयो एनडेबेले, फराई शोना. या दोन भाषांमध्ये जुनी दुखणी आहेत, ती एका पत्रात मावणार नाहीत. मी दोन्हीकडचा नाही, म्हणून मला चिटणीस केलं. इतिवृत्त मी लिहितो.

नोव्हेंबरात काही माणसं शाळेत आली. आम्हा शिक्षकांना मैदानात रांगेत उभं करून सरकारच्या जयजयकाराच्या घोषणा द्यायला लावल्या. मी दिल्या. निवेदिता वर्गाच्या खिडकीतून बघत होती. घोषणांचं मला काही वाटलं नाही, तिच्या चेहऱ्याचं वाटलं. त्याच संध्याकाळी तुला फोन केला.

मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे. ती झाली की येतो.

रवींद्ररावांना नमस्कार, छोट्या सिद्धीला पापा. पोरीला जपा, आणि माझ्यावरची माया तिच्या वाट्याला द्या.

तुझा,
दादा


बॉटनी डाउन्स, ऑकलंड
३ नोव्हेंबर २००२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मार्च गेला. एप्रिल गेला. आता इथे वसंत आलाय, शेजारच्या बाईंनी जँडल्स आणि टॉग्ज, म्हणजे उन्हाळी चपला आणि पोहण्याचे कपडे, बाहेर काढलेत. तू मार्च झाला की येणार होतास. कोणत्या सालचा मार्च, ते विचारायला मी विसरले.

हरलात ते वर्तमानपत्रात वाचलं. आठ ओळी होत्या, रग्बीच्या पानाच्या आधी. मी ते पान निवेदितापासून लपवलं, तर तिने युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत सगळं आधीच वाचलं होतं.

पोर गुणी आहे. टाउन सेंटरमधल्या बुटांच्या दुकानात शनिवारी काम करते. सिद्धीला मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीत देते. निवेदिता तिच्याशी हट्टाने मराठीत बोलते, तेही तुझ्यासारखं, ‘कृपया’ वगैरे घालून. सिद्धी तिला ‘न्यूजरीडर’ म्हणते.

तुझा फराई ऑगस्टमध्ये आला. तू लिहिलंस तसा रवींद्र त्याला विमानतळावर घ्यायला गेला होता. मला वाटलं होतं कुणी आडदांड पुढारी असेल. हा किडकिडीत मुलगा, अंगावर पातळ शर्ट, आणि कोठडीत मारल्यामुळे उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्याने मला वाकून नमस्कार केला, म्हणाला सरांनी शिकवलंय. मी त्याला पोहे दिले आणि आत जाऊन रडले. रवींद्रने त्याला ईस्ट टामाकीत, आपल्या फॅक्टरीशेजारच्या गोदामात लावून दिलं आहे. हात वर जात नाही म्हणून तो खालच्या फळ्यांवरचा माल बघतो.

गोदामात मन रमेल तर शपथ. दर रविवारी तो हेन्डरसनला जातो. तिथे एका हॉलमध्ये तुमची झिम्बाब्वेची माणसं जमतात, त्यांनी तुमच्या पक्षाची ऑकलंड शाखा काढली आहे. निवेदिताही जाते. मी एकदा सोडायला गेले तेव्हा आत थांबवून घेतलं. पस्तीसेक माणसं, मक्याची घट्ट लापशी, पालेभाजी, आणि शेवटी गाणं. सगळे उभे राहून गायला लागले तेव्हा ही पोर त्यांच्या मधोमध, तोंड उघडून, त्यांच्याच भाषेत गात होती. मला एकदम वाटलं, ही माझ्याकडे राहते, पण इथे राहत नाही.

घरी येताना गाडीत मी विचारलं, की तुला करमतं का. म्हणाली, आत्या, स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथल्या बोलीत एकदम मस्त. मग हेन्डरसनपासून बॉटनीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

तू ये. पक्षाला दुसरा चिटणीस मिळेल.

आठवण ठेवतोस तेवढी आम्हाला पुरत नाही, थोडी वाढव.

तुझी,
मंदा


बुलावायो
२० नोव्हेंबर २००५

चि. सौ. मंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली, उत्तर एकच देतोय. लिहायला बसलो की उठतो. अंगणात फेऱ्या मारतो, परत बसतो. पन्नाशीनंतर माणूस स्थिर होतो म्हणतात. आमच्याकडे तसा अनुभव नाही.

पक्ष फुटला. तुला फराईकडून एक बाजू कळली असेल, म्हणून मी झालं तसं सांगतो. सरकारने एक वरचं सभागृह काढलं, सिनेट. त्याची निवडणूक लढवायची की बहिष्कार घालायचा, हा प्रश्न. पक्षाच्या वरच्या मंडळात मतदान झालं आणि थोडक्या मतांनी ‘लढायचं’ ठरलं. पक्षप्रमुखांनी ते मानलं नाही. झालं. सहा वर्षांत जे सरकारला जमलं नाही ते आम्ही एका दुपारी केलं.

आमच्या शाखेतही मत घेतलं. चर्चचा हॉल भरलेला. बहिष्कारवाल्यांचं म्हणणं, की सिनेट हा सापळा आहे, तिथे जाऊन सरकारच्या खुर्च्या गरम करायच्या नाहीत. मला ते पटत होतं, मी बहिष्काराच्या बाजूने हात वर केला. मोयो उठला आणि म्हणाला, की मलाही सिनेट आवडत नाही, पण वर मत झालं आहे, आणि मतं मोजून मानायची नसतील तर आपण आणि ते यांत फरक काय. मी हात मोजले. दोनदा मोजले. लढायचं, एक्केचाळीस. बहिष्कार, अडतीस. मी हरलो, आणि तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बहिष्कारवाले आले, म्हणाले सर, कोरम नव्हता असं लिहा. मी म्हटलं, कोरम होता. मग मोयोच्या बाजूचे आले, म्हणाले एक्केचाळीसचे एकावन्न करा, वर पाठवायला बरं दिसेल. मी म्हटलं, बरं दिसायला इतिवृत्त नसतं. मोयोने स्वतः असलं काही मागितलं नाही, हेही लिहून ठेवतो. आठवड्याने ऑकलंडहून फराईचा फोन. पोरगा रडकुंडीला आला होता. म्हणाला, सर, मी या पक्षासाठी हात दिला, तुम्ही एक ओळ देऊ शकत नाही. मी म्हटलं, फराई, मी तुला बेरीज शिकवली आहे.

आता दोन शाखा आहेत आणि मी दोन्हींत नाही. रस्त्यात जुने सोबती फुटपाथ बदलतात. मोयो मात्र रोज कुंपणापाशी येतो, आम्ही पक्ष सोडून सगळ्या गोष्टींवर बोलतो.

निवेदिता कुणाच्या बाजूची आहे ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

रवींद्ररावांना नमस्कार. तुम्हा सगळ्यांचं क्षेम मागतो, आणि स्वतःसाठी तुझी जुनी थट्टा.

दादा


बॉटनी डाउन्स
८ जानेवारी २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगू नकोस म्हणालास, पण मला न सांगता झोप लागत नाही.

हेन्डरसनची शाखाही फुटली. इतकी कमी माणसं, आणि तीही दोन हॉलमध्ये. जे लोक माझ्या घरी दिवाळीला एका ताटात चकल्या खात होते ते आता मॉलमध्ये समोरून आले की दुकानात शिरतात. फराई बहिष्काराच्या बाजूचा पुढारी झाला आहे, आणि निवेदिता त्याच्या बरोबर आहे. बरोबर म्हणजे सगळ्या अर्थांनी, दादा. मी तिला विचारलं, की लग्न करायचं आहे का. म्हणाली, आधी देश. मी म्हटलं, देश बारा हजार किलोमीटरवर आहे आणि तू बावीस वर्षांची आहेस. तिने दार लावून घेतलं.

मला फराईचा राग येत नाही, हीच अडचण आहे. तो अजूनही आला की चपला दाराशी काढतो. पण बोलताना आता समोर बघत नाही, आपल्यामागे सभा भरल्यासारखा दूर बघतो. तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही. फक्त म्हणाला, की सर म्हातारे झाले, मोयोच्या प्रभावाखाली आहेत.

दोघं मिळून बातमीपत्र काढतात. आमच्याच कॉम्प्युटरवर निवेदिता टाइप करते, फराई ते इथल्या लोकांना वाटतो आणि तिकडेही पाठवतो. परवा प्रिंटरमध्ये एक पान राहिलं होतं. त्यावर काही नावं होती. मला तुमच्यातलं कळत नाही. मी विचारलं तर निवेदिता म्हणाली, की आत्या, इट्स जस्ट पॉलिटिक्स. मी पान तिच्या टेबलावर ठेवलं.

रवींद्र म्हणतो, फार मनाला लावून घेऊ नकोस. तो बीचवर घेऊन जातो, मी तिथेही सँडविचचा डबा उघडते आणि बंद करते.

काळजी घे. आम्हाला तुझ्या मनात जागा असू दे, कोपऱ्यात चालेल.

मंदा


बुलावायो
१७ एप्रिल २००६

चि. सौ. मंदा हिस,
आशीर्वाद.

मोयोला बेदम मारहाण झाली. मागच्या शनिवारी भर दुपारी, त्याच्या अंगणात. सहा जण होते. सरकारची माणसं नव्हती, मंदा. आमची होती. त्यांतल्या दोघांना मोयोने पोलीस कोठडीतून सोडवून आणलं होतं. मी ओरडा ऐकून कुंपण ओलांडलं तोवर ते गेले होते. नोमसा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डावा डोळा गेला. उजव्याने उजेड दिसतो, अक्षर दिसत नाही, आणि डॉक्टर म्हणतात याहून सुधारणार नाही. अठ्ठावीस वर्षं ज्याने इंजिनाचे स्क्रू नजरेने पारखले, तो काल माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवत होता.

त्यांनी जाताना फाटकावर एक कागद चिकटवला. मी तो काढून आणला आहे. वर हेन्डरसनच्या हॉलचा पत्ता आहे. ‘विकले गेलेले’ असा मथळा आणि खाली नऊ नावं. मोयोच्या नावापुढे लिहिलं आहे, की त्याने सिनेटच्या बदल्यात सरकारकडून शेत घेतलं. मोयोकडे शेत नाही. मागच्या अंगणात तीन वाफे मका आहे.

आता मी तुला एक विचारणार आहे आणि तू मला खरं सांगणार आहेस. कागदावर त्याचं नाव टेम्बा मांडलेन्कोसी मोयो असं आहे. मधलं नाव इथे कुणी वापरत नाही, कुणाला ठाऊकही नाही. फराईलाही नाही. ते एकाच ठिकाणी लिहिलेलं मी पाहिलं आहे. सरला गेली त्या वर्षी निवेदिताच्या शाळेच्या फॉर्मवर, ‘वडिलांच्या अनुपस्थितीत पालक’ या रकान्यात. तिने स्वतःच्या अक्षरात भरलं होतं.

कागद कुणी टाइप केला?

दादा


बॉटनी डाउन्स
२ मे २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निवेदितानेच.

आणि मी ते पान पाहिलं होतं. जानेवारीत तुला ‘काही नावं’ म्हणून लिहिलं तेव्हा त्यांतलं एक नाव मोयो होतं, हे मी वाचलं होतं. नोमसाने सरलावहिनींना आंघोळ घातलेली मला ठाऊक आहे, तूच सांगितलं होतंस. तरी मी पान टेबलावर ठेवलं आणि वाटाणे सोलायला गेले. घरात भांडण नको, एवढंच डोक्यात होतं. निवेदितावर जे रागावशील त्यातलं निम्मं माझं.

ती फेब्रुवारीपासून हेन्डरसनला फराईच्या फ्लॅटवर राहायला गेली होती. तुला कळवलं नाही. तुझं पत्र घेऊन मी बसने गेले, रवींद्रला न सांगता. तिने पत्र उभ्यानेच वाचलं. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, ओठ हलतात. ‘डावा डोळा’ला आली तेव्हा ओठ थांबले. मग तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

फराई कामावरून आला. तिने त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. तो खुर्चीवर बसला, बराच वेळ चांगला हात वाईट हातावर चोळत राहिला. मग म्हणाला, की कागदात कुणाला मारा असं लिहिलेलं नाही. ती म्हणाली, शेताचं कुठून आलं. तो म्हणाला, तिकडून कुणीतरी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग पुढच्या अंकात ते खोटं होतं असं छापू. तो म्हणाला, की आत्ता नाही, दुसऱ्या बाजूला त्याचा फायदा होईल. हे बोलताना त्याचा आवाज अगदी मऊ होता. मला वाटतं त्याला मोयोचं खरंच दुःख झालं होतं. पण तो नाही म्हणाला.

ती दोन बॅगा भरून माझ्याबरोबर बसमध्ये बसली. तुला ती स्वतः लिहील. वेळ दे.

मंदा


बॉटनी डाउन्स
११ जून २००६

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मला मराठी लिहायला वेळ लागतो. हे पत्र सहाव्यांदा लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर चांगले शब्द मिळाले असते, म्हणून इंग्रजीत लिहिलं नाही.

तो कागद मी टाइप केला. फराईने नऊ नावं दिली. मोयोकाकांचं पूर्ण नाव मी घातलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं पूर्ण नाव असलं की कागद खरा वाटतो. शेताचं वाचलं तेव्हा मला माहीत होतं की ते तसे नाहीत. पण तेव्हा मला वाटत होतं की मी लांब आहे, सुरक्षित आहे, मग निदान कडक तरी असलं पाहिजे. खिडकीतून तुम्हाला घोषणा देताना बघितलं त्या दिवसापासून मला कडक व्हायचं होतं. हे कारण नाही. फक्त सांगते आहे.

मागच्या रविवारी मी हेन्डरसनला गेले. सगळे होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, की तो कागद मी लिहिला, शेताची गोष्ट खोटी आहे, आणि त्यानंतर मोयोकाकांचे डोळे गेले. मी खुर्चीला धरलं होतं. कुणीतरी म्हणालं, बस खाली, तुझ्या बापाने विकलं तसं तूही विकतेस. एक बाई रडायला लागल्या. फराईने मला थांबवलं नाही. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. मग कुणीतरी चहाचं पाणी ठेवलं आणि सगळे उठले. मी बाहेर येऊन बसची वाट बघत बसले. माझ्या शेजारी कुणी आलं नाही.

बाबा, मला माफ करा.

तुमची,
निवेदिता


बुलावायो
९ जुलै २००६

चि. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. ऱ्हस्वदीर्घाच्या चौदा चुका आहेत, बाकी मराठी ठीक.

बाळ, माफी तू माझ्याकडे मागू नकोस. माझा डोळा गेलेला नाही. मी तुला माफ केलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, मलाही वाटेल, आणि कुंपणापलीकडे जो माणूस बसला आहे त्याला विचारायचं राहून जाईल. त्याला लिही. एनडेबेलेत लिही. त्याला वाचता येत नाही, नोमसा वाचून दाखवेल. मी त्याला तुझं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझ्याकडूनच कळलं पाहिजे.

उत्तर आलं नाही तर पुन्हा लिही.

तू हेन्डरसनला उभी राहिलीस ते वाचलं. मी ते वाचून थोडा वेळ अंगणात गेलो होतो.

आत्याचं ऐक, जेवत जा. जितका आहे तितका तुझाच,
बाबा


बॉटनी डाउन्स
२४ फेब्रुवारी २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला सहा वर्षं बोलावलं, तू आला नाहीस. आता ती तुझ्याकडे निघाली आहे. शनिवारचं विमान आहे, जोहान्सबर्गमार्गे. निवडणुकीला एक महिना राहिलेला असताना कुणी त्या देशात जातं का, असं मी विचारलं. म्हणाली, आत्या, निवडणुकीसाठी नाही जात. दीड वर्षात तिने मोयोंना सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. नोकरी चांगली चालली होती, कायमचं राहायची परवानगीही मिळाली, आणि ही पोर एका न आलेल्या उत्तरासाठी चालली आहे. मी ओरडले, मग तिच्या बॅगेत लोणचं भरलं.

काल फराई आला होता. जवळजवळ वर्षाने. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर नको म्हणाला. गोदामात आता तो शिफ्टचा मुख्य आहे. हेन्डरसनला रविवारी अकरा माणसं येतात म्हणाला, गाणं म्हणायला लाज वाटते इतकी कमी. निवेदिता बाहेर गेली. दोघं ड्राइव्हवेमध्ये दहा मिनिटं बोलली. काय ते तिने सांगितलं नाही आणि मी खिडकीतून बघितलं नाही. जाताना तो रवींद्रला म्हणाला, की सरांना सांगा, मी आता त्या दिवसाची बेरीज मानतो. आणि गाडीकडे गेला.

दादा, मला हे सगळं नको होतं. मला एक भाऊ हवा होता, जो रविवारी जेवायला येईल. आता भाऊही तिकडे आणि मुलगीही तिकडे. मी म्हटलंय मुलगी, भाची लिहायचं होतं. राहू दे.

उतरल्याचा निरोप त्याच दिवशी कर. माझा जीव तुमच्या दोघांपाशी ठेवून थांबते.

मंदा


बुलावायो
२१ एप्रिल २००८

चि. सौ. मंदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघंही धडधाकट आहोत. लोणचं संपलं. मतदानाला तीन आठवडे झाले तरी राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल जाहीर झालेला नाही, आणि सगळं गाव पायांवर उभं आहे. दुकानात, बसथांब्यावर कुणी एका जागी टेकत नाही. निकाल लागला की काय होईल, मला माहीत नाही. आधीच काही गावांतून माणसं पळून येऊ लागली आहेत.

निवेदिता आली त्या दुपारीच मोयोच्या घरी गेली. नोमसाने दार उघडलं, तिला मिठी मारली नाही, हाकललंही नाही. मोयो आत होता, तो मागच्या अंगणात निघून गेला. पुढचे चार आठवडे तसंच. ती रोज जायची, तो रोज मागे जायचा. नोमसाने मला कुंपणापाशी सांगितलं, की तिची सातही पत्रं तिने त्याला वाचून दाखवली. प्रत्येक वेळी तो शेवटपर्यंत ऐकायचा, मग उठून मक्याला पाणी घालायचा, पाऊस पडत असला तरी.

मतदान २९ मार्चला झालं. या वेळी प्रत्येक केंद्राचे आकडे केंद्राबाहेरच लावायचे, असा नियम होता. आमचं केंद्र माझ्याच शाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी दोनशे माणसं. दोन्ही गटांचे वेगवेगळे उमेदवार होते. मोयो काठी टेकत, नोमसाच्या हाताला धरून आला. लोकांनी वाट दिली. त्यांत त्या सहांपैकी एक होता, त्याने मान खाली घातली.

मोयो भिंतीसमोर उभा राहिला. नोमसा वाचायला पुढे झाली, मीही झालो. तो म्हणाला, थांबा. मग त्याने विचारलं, की सरांची मुलगी आली आहे का. मंदा, दोन वर्षांत त्याच्या तोंडून तिचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. ती माझ्या मागे होती. ती पुढे गेली. तो म्हणाला, वाच.

तिने एनडेबेलेत वाचलं. फराईच्या बाजूचा उमेदवार तीनशे बारा. सरकारचा एकशे चार. मोयोच्या बाजूच्या आकड्यापाशी तिचा आवाज गेला. तो म्हणाला, मोठ्याने. ती म्हणाली, त्र्याहत्तर. मागे कुणीतरी हसलं. मोयोने पुन्हा वाचायला सांगितलं, तिने सगळं पहिल्यापासून वाचलं, या वेळी आवाज गेला नाही. तो मान डोलावत होता. मग म्हणाला, की घरी जाऊ, आणि नोमसाच्या ऐवजी हात निवेदिताच्या बाजूला पुढे केला. तिला आधी कळलंच नाही. नोमसाने तिचा हात धरून त्याच्या हातात दिला.

माफ केलं असं तो म्हणालेला नाही. मी विचारणार नाही. वाटेत तो तिला एवढंच म्हणाला, की वर्तमानपत्र मिळालं तर आणून वाचत जा. तेव्हापासून ती रोज दुपारी चारला जाते. निकालाची बातमी नसते, तरी सगळं पान वाचते, मृत्युवार्तांसकट.

मी येईन का, हे पुन्हा विचारशील. आता निकाल लागेपर्यंत तरी नाही, आणि त्यानंतरचं मी वचन देत नाही, कारण तू ते लिहून ठेवतेस. निवेदिता मात्र जूनमध्ये परत येईल म्हणते. तिकीट तिच्याकडे आहे. तिला सोडायला मी जोहान्सबर्गपर्यंत येईन.

पहिल्या दिवशी पेपर घेऊन गेली तेव्हा तिला बसायला कुणी सांगितलं नाही. तासभर उभ्याने वाचून आली. वीस दिवस तसंच. काल गेली तर मोयोच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवलेली होती. नोमसा म्हणाली, की त्यानेच चाचपडत आतून आणली.

तुझ्या सगळ्या रागासह तू मला हवी आहेस, तशीच राहा.

तुझा,
दादा